अर्थासकट डाव

मुदियागाला इंग्रजीतले सगळे शब्द येतात आणि अर्थ एकाचाही येत नाही, असं पश्चिम आफ्रिकेतल्या वॉरी शहरात त्याच्याबद्दल बोललं जायचं. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? खरं म्हणजे भात, बस, पेट्रोल, पगार, उद्या या, असल्या शब्दांचे अर्थ त्याला चांगले ठाऊक होते. पण स्क्रॅबलच्या पटावर ज्या शब्दांनी तो भल्याभल्यांना पाणी पाजायचा, ते खायचे असतात की अंगाला लावायचे, याचा त्याला पत्ता नव्हता. आणि पत्ता नव्हता म्हणून त्याचं आजवर काही अडलंही नव्हतं.

त्याची ख्याती होती स्वरांची. खेळणाऱ्यापुढच्या पट्टीवर अक्षरांच्या सात सोंगट्या असतात. त्यात ए, ई, आय, ओ, यू यांनीच गर्दी केली की बाकीचे खेळाडू कपाळाला हात लावतात. नुसत्या स्वरांचा शब्द करणार तरी काय? मुदियागाला उलट अशा वेळी चेव यायचा. ए आणि आय शेजारी ठेवा, झाला शब्द. ओ आणि ई ठेवा, झाला शब्द. दोन ए ठेवा, तोही शब्द. ई, यू, ओ, आय असे चार स्वर ओळीने मांडा, मध्ये व्यंजनाचा टिपूस नाही, तरी तो शब्दच. पेट्रोलच्या रांगेत, रिक्षात, चर्चमध्ये लांबलेल्या प्रवचनात त्याने हे सगळे पाढ्यांसारखे घोकले होते. एनेरहेन जंक्शनजवळच्या क्लबातले म्हातारे कोच सांगायचे की अर्थ म्हणजे सामान, आणि शर्यतीत पळायला कुणी ट्रंक घेऊन जात नाही. मुदियागाने ट्रंक कधी उचललीच नव्हती. तो राज्याच्या संघात होता, गळ्यात पदकं होती, आणि वॉरीचा माणूस शेवटचा नंबर आणत नाही, ही गावाची म्हण त्याने वयाच्या पस्तिशीपर्यंत राखली होती.

मग त्याला रुकेव्वे भेटली. ती एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. हा तापाच्या गोळ्या घ्यायला गेला आणि कपाटातल्या खोक्यांवरची नावं उलटसुलट करून, त्यांतून दुसरे शब्द जुळवत, ओठ हलवत उभा राहिला. ताप डोक्यात गेला असं समजून तिने त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, कपाळाला हात लावून पाहिला. ताप निघाला साधाच. पण हा त्यानंतर ताप नसतानाही येऊ लागला, आणि ती स्टूल पुसून ठेवू लागली. वर्षभरात दोघांचं ठरलं. आता फक्त घरच्यांचं ठरायचं होतं.

घरचे म्हणजे रुकेव्वेचे वडील, ओक्पाको मास्तर. अर्ध्या वॉरीला इंग्रजी ज्यांनी शिकवलं, ते हेच. नोकरीतून निवृत्त झाल्यावरही घरी संध्याकाळचा क्लास घ्यायचे. तो गेल्या वर्षी त्यांनी एकाएकी बंद केला. पोरं गाढव झाली आहेत, असं कारण सांगितलं, आणि पोरं खरंच तशी असल्यामुळे कुणी जास्त विचारलं नाही. तेव्हापासून ते दिवसभर मांडीवर जाडजूड शब्दकोश घेऊन बसायचे, एक बोट कायम पानांत. गल्लीतले लोक म्हणायचे, याला म्हणतात विद्वान. मास्तर बोलता बोलता थांबले की त्यांच्या बायकोने, म्हणजे मामा रुकेने (तिकडे आईला मामा म्हणतात), वाक्य पुरं करायचं. जुन्या जोडप्यांत असं होतंच, त्यात कुणाला नवल वाटलं नाही.

मुदियागाचे काका चार माणसं घेऊन मागणी घालायला गेले. सोबत रीतीप्रमाणे चघळायच्या कोला बिया, जिन आणि श्नॅप्स या दारूच्या बाटल्या, आणि माल्ट नावाच्या गोड पेयाच्या बाटल्यांचं खोकं. सगळ्यांनी गुडघे टेकून "मिग्वो" म्हटलं, मास्तरांनी "व्रेंडो" म्हणून उठवलं. या उर्होबो लोकांत अशा वेळी घरचा मालक स्वतः तोंड उघडत नाही, त्याच्या वतीने बोलायला ओतोता असतो. मुलीकडचा ओतोता होता इदोघो अंकल, मास्तरांचा शेजारी; मोठं पोट, त्याहून मोठा आवाज, आणि मनात पाप नाही. त्याने आधी मास्तरांचं ठरलेलं पुराण सांगितलं. यांच्या गावाला शाळा नव्हती. हे लहानपणी रोज ओक्वाग्बे गावाच्या पलीकडच्या खाडीतून होडी वल्हवत शाळेला जायचे. विद्या यांच्याकडे चालत आली नाही, हे वल्हवत विद्येकडे गेले. हे वॉरीत सगळ्यांना पाठ होतं, आणि या ठिकाणी मास्तर दोन मुठी आवळून वल्हं ओढून दाखवायचे, तसं त्यांनी दाखवलं. पाहुण्यांनी माना डोलावल्या.

मग इदोघो अंकलने विचारलं, मुलगा काय करतो? मुदियागाचे काका म्हणाले, राज्यासाठी शब्द खेळतो. इथे मास्तरांनी रीत मोडली आणि स्वतःच बोलले. शेवटची स्पर्धा कुठल्या शब्दावर जिंकलास, असं त्यांनी मुदियागालाच विचारलं. मुदियागा या प्रश्नाची वाटच पाहत होता. ई, यू, ओ, आय, असं त्याने ताठ बसून सांगितलं.

"अर्थ?"

"माहीत नाही, सर. पण चालतो."

"गाढवही चालतं," मास्तर म्हणाले.

इदोघो अंकल हसला, आणि आपण एकटेच हसतोय हे कळल्यावर खोकला. आता त्यांच्याकडे रीत अशी, की मुलीच्या बापाने बाटली उघडली म्हणजे मुलगी दिली, आणि बाटल्या परत पाठवल्या म्हणजे नाही म्हटलं. मास्तरांनी यातलं काहीच केलं नाही. बाटल्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात टीव्हीखाली तशाच राहिल्या. मामा रुके रोज त्यांच्या भोवतीने झाडू मारायची, पण त्यांना हात लावायची नाही. महिना गेला, दुसरा गेला, बाटल्यांवर धूळ बसली आणि मुदियागाच्या काकांना चर्चमध्ये लोक विचारू लागले की लग्न तरी कधी. ना हो, ना नाही, असं घोंगडं भिजत पडलं.

रुकेव्वेने बापाशी भांडण काढलं. बाप ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, पोरी, आपल्या तोंडातून काय निघतंय हे ज्याला कळत नाही, तो उद्या चर्चमध्ये तुला हो म्हणेल. त्या हो मध्ये काय आहे हे तुला कसं कळणार? यावर ती आणखीच चिडली. शेवटी मास्तरांनीच अट घातली. मुलाने येऊन आपल्याशी एक डाव खेळावा. शब्द अर्थासकट लावायचा. समोरच्याने विचारलं तर अर्थ सांगायचा, नाही सांगता आला तर सोंगट्या उचलायच्या आणि पाळी गेली. मुलगा जिंकला तर बाटली उघडू. हरला तर त्याने आपल्या बाटल्या आपल्या हाताने घेऊन जाव्यात.

झालं, मुदियागाच्या मागे शिकवणी लागली. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की रुकेव्वे त्याला त्याच स्टुलावर बसवायची आणि त्याच्याच शब्दांचे अर्थ त्याला सांगायची. ए-आय म्हणजे तीन बोटांचा एक आळशी प्राणी, झाडाला उलटा लटकतो. दोन ए म्हणजे थिजून खरखरीत झालेला लाव्हा. ओ-ई म्हणजे फेरो नावाच्या बेटांजवळची वावटळ. ओ-यू म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला गडी. ए-आय-ए म्हणजे हिंदुस्थानात साहेबांची पोरं सांभाळणारी बाई. मुदियागा ऐकता ऐकता मागे सरकत गेला. ही सगळी मंडळी, हा प्राणी, ही बाई, ही वावटळ, इतकी वर्षं आपल्या डोक्यात बिनभाड्याने राहत होती आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही, असं त्याला झालं. मग आला ई-यू-ओ-आय. दारूच्या देवाच्या नादाने बेभान झालेल्या लोकांची आरोळी.

"म्हणजे दारुड्यांची?" त्याने विचारलं.

"देवळातल्या दारुड्यांची," रुकेव्वे म्हणाली.

मुदियागाचा बाप बाप्टिस्ट चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाद्र्याचा मदतनीस, होता. राज्याचं पदक आपण कशाच्या जोरावर घरात आणलं हे कळल्यावर त्या रात्री मुदियागाला दोन घास कमी गेले.

खरी पंचाईत पुढेच झाली. क्लबात सराव करताना त्याने ए-आय लावायला सोंगट्या उचलल्या आणि त्याला तो प्राणी दिसला. उलटा लटकलेला, तीन बोटं, घाई नाही. मुदियागा त्याच्याकडे बघत बसला आणि बाजूला घड्याळ पळत राहिलं. एरवी ज्याला तो जेवणाआधी हरवायचा त्या पोराने त्याला हरवलं. कोचनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की बाबा, तुला ट्रंक मिळाली. राज्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती. मुदियागाने दोन दिवस विचार केला. संघ पुन्हा मिळेल, पुढच्या वर्षी मिळेल. रुकेव्वे एकच होती, आणि तिच्याशिवाय त्याला आता करमत नव्हतं, हे त्याने स्वतःशी कबूल केलं. तो ट्रंक घेऊनच मास्तरांकडे निघाला.

रविवार होता, चर्च सुटून लोक घरी आले होते. लाइट नव्हती, पंखा मान टाकून बसला होता आणि शेजारचा जनरेटर सगळ्या गल्लीला शिव्या घालत होता. आतून पामच्या फळांच्या बांगा रश्श्याचा वास येत होता, पण ते जेवण जावयाचं आहे की नुसत्या पाहुण्याचं, हे डाव संपल्याशिवाय ठरणार नव्हतं. मुदियागाने गुडघे टेकले, मिग्वो म्हटलं. मास्तरांनी त्याला उठवलं आणि समोर बसवलं. साक्षीला इदोघो अंकल. गुण लिहायचं काम मुदियागाकडे, कारण बेरजेत त्याचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं. शब्द बरोबर की चूक आणि अर्थ बरोबर की चूक हे कोशात बघून सांगायला मामा रुके. म्हणजे कोश तिच्याकडे हवा. मास्तरांनी तो मांडीवरून उचलला, परत ठेवला, परत उचलला. खेळणाऱ्याने डिक्शनरी जवळ ठेवायची नसते सर, असं इदोघो अंकल दोनदा म्हणाला, तेव्हा त्यांनी ती दिली. दिल्यावर त्यांचे हात बराच वेळ मांडीवर नुसतेच पडून होते.

खेळ सुरू झाला आणि मुदियागाच्या हालांना पारावार राहिला नाही. पट्टीवर चांगला सात अक्षरांचा शब्द आयता बसलेला दिसे, साठ-सत्तर गुणांचा, पण तो माणूस आहे की आजार हे ठाऊक नसे. मग तो त्याला तसाच बसू द्यायचा आणि शेजारी गुपचूप ‘पॅन’ लावायचा. मेजवानीला जाऊन मीठ-भाकरी खाऊन यावं तसं चाललं होतं. स्वर आले की मात्र त्याला बरं वाटायचं. त्याने ए-आय लावला. मास्तरांनी अर्थ विचारला. त्याने तीन बोटं, झाड, उलटं लटकणं, सगळं सांगितलं. मामा रुकेने पान काढून बघितलं आणि हं म्हणाली. ओ-ई झाला, दोन ए झाले. ई-यू-ओ-आयचा अर्थ सांगताना तो जरा खाली बघून बोलला. आतल्या दारात उभी राहिलेली रुकेव्वे तेवढ्यात हसली. तिचं हसू बघून त्याला वाटलं, आपण जिंकणार.

मग मास्तरांनी पटावर बोट ठेवून ए-आयचा अर्थ पुन्हा विचारला. मुदियागाने पुन्हा पहिल्यासारखा सांगितला. वडीलधारे परीक्षा घेतात ती अशीच, एकदा विचारून त्यांचं समाधान होत नाही. मास्तर स्वतः मात्र अगदी साधे शब्द लावत होते. सन, टी, गोट, बेड. पहिलीच्या पुस्तकातले. मुदियागाला ते मनाला लागलं. म्हातारा आपल्याला लहान मूल समजून खेळवतोय असं त्याला वाटलं, आणि तरीही गुण बरोबरीने चालले होते, कारण मास्तर प्रत्येक शब्द नेमका चांगल्या घरात ठेवायचे. हाताला सवय होती. मुदियागाने त्यांना एकाही शब्दाचा अर्थ विचारला नाही. ओक्पाको मास्तरांना ‘गोट’ म्हणजे काय हे विचारायचं? इतका निर्लज्ज तो नव्हता.

पिशवी रिकामी झाली. मुदियागाच्या पट्टीवर चार सोंगट्या उरल्या, मास्तरांच्या पट्टीवर दोन. मुदियागाने मनाशी हिशेब केला. पुढच्या पाळीत त्याच्या चारही सोंगट्या बसत होत्या, अर्थही माहीत होता, आणि डाव त्याचा होता. फक्त पाळी मास्तरांची होती. मास्तरांनी पटावरच्या एका ए कडे बराच वेळ पाहिलं. मग त्याच्या आधी ओ ठेवला आणि नंतर आर ठेवला. ओ, ए, आर. ओर. पट्टी रिकामी. एकाची पट्टी रिकामी झाली की डाव तिथेच मिटतो, आणि समोरच्याच्या उरलेल्या सोंगट्यांचे गुणही त्यालाच जातात. मुदियागाला बेरीज करायचीसुद्धा गरज नव्हती. तो थोडक्यात हरला होता. दारात रुकेव्वे बापाच्या रिकाम्या पट्टीकडे बघत होती. तिला खेळातलं फार कळत नसलं तरी एवढं कळलं.

मुदियागाला रडू यायचं बाकी होतं, पण स्पर्धेत खेळणाऱ्या माणसाचा चेहरा हा दगडाचाच असतो. त्याने पेन्सिल उचलली. तेवढ्यात इदोघो अंकलने हात वर केला. त्याचं म्हणणं असं, की सबंध डावात मुलाने एकदाही अर्थ विचारलेला नाही. उद्या लोक म्हणतील की मास्तरांनी पोराला दाबलं, घरात बोलावून एकतर्फी खेळले. नावाला तरी एक विचार रे, असं तो मुदियागाला म्हणाला. तो भला माणूस होता, आणि भल्या माणसांना गप्प बसता येत नाही.

मुदियागालाही ते पटलं. हरल्यावर हात मिळवायचा असतो, तसंच हे. शिवाय शब्द असा होता की वॉरीतलं शेंबडं पोरही सांगेल. ओर म्हणजे वल्हं. खाडीतून होडी वल्हवत विद्येकडे गेलेल्या माणसाला विचारायला याहून आदराचा शब्द कुठला मिळणार? मुदियागाने मान झुकवली.

"अर्थ, सर?"

मास्तरांनी तोंड उघडलं. मग पटावरच्या तीन अक्षरांकडे पाहिलं. त्यांचा हात मांडीवर गेला, जिथे कोश असायचा तिथे चाचपडला आणि रिकामा परत आला.

"ते," मास्तर म्हणाले. "ते, पाण्यात." आणि थांबले.

जनरेटर चालूच होता. मामा रुकेचे ओठ विलग झाले, सवयीने, वाक्य पुरं करायला. पण ती आज निवाडा करायला बसली होती. तिने ओठ मिटले आणि मांडीवरचा कोश दोन्ही हातांनी घट्ट धरला. रुकेव्वेने बापाकडे पाहिलं, मग आईकडे, आणि आईला हे आजचं नवं नाही, एवढं तिला आईच्या हातांवरून कळलं. क्लास का बंद झाला, कोश मांडीवरून का उतरत नाही, सगळं तिला एका दमात कळलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

सर गंमत करतायत, असं इदोघो अंकल म्हणाला. मग एकेकाच्या तोंडाकडे बघू लागला.

मुदियागाने आयुष्यभर पटापलीकडचे चेहरे वाचले होते. थापा मारणारा चेहरा त्याला ठाऊक होता, शब्द शोधणारा ठाऊक होता, शब्द असून मुद्दाम लपवणाराही ठाऊक होता. हा चेहरा त्यातला नव्हता. आणि त्याच क्षणी त्याला हेही दिसलं, की अर्थ आला नाही तर सोंगट्या उचलायच्या, मग पाळी आपली, आणि आपल्या चार सोंगट्या तयार आहेत. अट मास्तरांनीच घातलेली होती. फक्त चॅलेंज, म्हणजे माझी हरकत आहे, एवढं म्हणायचं होतं. त्या क्षणी त्याला वाईट वाटलं आणि लोभही वाटला, दोन्ही वाटलं. तो काही संत नव्हता.

मास्तरांची नजर पटावरच होती. पण मांडीवरचे हात हळूच वर आले. दोन मुठी आवळल्या, पुढे गेल्या आणि मागे आल्या. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. हात काय करतायत हे मास्तरांना ठाऊकही नसावं. ते मन लावून त्या तीन अक्षरांकडे बघत होते आणि हात आपले वल्हवत होते.

मुदियागाने मास्तरांच्या नावाखाली गुण लिहिले. आपल्या चार सोंगट्यांचे गुणही त्यांच्याच नावाखाली लिहिले. बेरीज केली आणि कागद फिरवून त्यांच्यापुढे ठेवला.

"बरोबर, सर. डाव तुमचा."

"मी सांगितलं नाही," मास्तर म्हणाले. आवाज शाळेतला होता. "सोंगट्या उचलतो मी."

"सांगितलंत, सर. हातांनी सांगितलंत."

मास्तरांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मुठी अजून मिटलेल्याच होत्या.

"नियम काय आहे?" त्यांनी विचारलं.

"अर्थ सांगायचा, एवढाच आहे. तोंडाने सांगायचा असं कुणी म्हटलं नव्हतं."

मास्तर बायकोकडे वळले आणि निवाडा मागितला. तो द्यायला कोश उघडावा लागतो. मामा रुकेने उघडला नाही. जो बंद होता तोच तिने आणखी बंद केला, वर पट्कन एक थाप मारली, आणि तिने निवाडा दिला.

"चालतो."

इदोघो अंकल उठला, बसला, आणि पुन्हा उठला. ओतोता म्हणून आता त्याने काहीतरी बोलायला हवं होतं, पण जिंकल्याचं अभिनंदन कुणाचं करायचं आणि सांत्वन कुणाचं, हे त्याला ठरवता येईना. मुदियागाने त्याची सुटका केली. तो उठून कोपऱ्यात गेला, टीव्हीखालून माल्टचं खोकं ओढलं, जिन आणि श्नॅप्सच्या बाटल्या काखेत घेतल्या. बोललेलं बोललेलं. हरला तर आपल्या हाताने घेऊन जायच्या होत्या. धुळीने त्याचा चर्चचा सदरा काळा झाला. रुकेव्वेकडे बघितलं तर पाय निघणार नाही म्हणून त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

"ठेव खाली," मास्तर म्हणाले. "इकडे बस."

मुदियागाने बाटल्या ठेवल्या आणि पुन्हा समोर बसला. मास्तरांनी पटावरचा ओ उचलला, बोटांत फिरवला आणि परत जागेवर ठेवला.

"गेल्या वर्षापासून असं होतंय," ते म्हणाले. "शब्द येतात, पण रिकामे येतात. आधी वाटलं डोळे गेले." मग त्यांनी विचारलं, "तुझ्या डोक्यात किती शब्द आहेत?"

"सगळे, सर."

"आणि अर्थ?"

"रुकेव्वेने शिकवले तेवढे."

"बाकीचे?"

"बाकीचे नुसतेच आहेत."

"त्रास होतो?"

मुदियागाने विचार केला. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून काही सांगायचं त्याच्या मनात आलं, पण प्रश्न खरा होता, म्हणून त्याने उत्तरही खरं दिलं.

"नाही, सर. सवय झाली की नाही होत. कुठला शब्द कुठे बसतो एवढं हाताला कळलं की पुरतं."

मास्तरांनी मान हलवली. वर्गात एखाद्या पोराने पहिल्यांदाच बरोबर उत्तर दिल्यावर हलवायचे तशी.

"मग दर रविवारी येत जा," ते म्हणाले. "लग्नानंतरही. मला आता ते शिकावं लागणार."

रुकेव्वे तोंडावर हात दाबून आत गेली. मामा रुकेने कोश नवऱ्याच्या मांडीवर नेऊन ठेवला आणि डोळ्यांना कापडाचं टोक लावलं, मग चुलीवर रस्सा लागतोय असं म्हणून तीही आत गेली. रस्सा लागत नव्हता. इदोघो अंकलला अखेर आपलं काम काय ते कळलं. त्याने श्नॅप्सची बाटली उचलली, सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि घसा खाकरून रीतीप्रमाणे विचारलं की घरमालक, पाहुण्यांची बाटली उघडू का? मास्तरांनी ती त्याच्या हातून घेतली आणि स्वतः झाकण फिरवलं. इतके दिवस बंद राहिल्याने ते जरा कुरकुरलं.

बाटली उघडी झाली, पण ओतायचं कशात? मास्तरांनी टेबलाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि हवेत बोटांनी एक गोल धरला.

"ते आणा," ते म्हणाले.

ते म्हणजे काय, असं कुणी विचारलं नाही. रुकेव्वे डोळे पुसून बाहेर आली आणि सगळ्यांसाठी ग्लास घेऊन आली.